ट्रॅक्टरवाला यादीत आणि एकटी बाई बाहेर, हे नेमकं कसं होतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाचं आहे ते कळेल. तुम्ही एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या शिक्षणातल्या, फील्डवर्कला एका गावात गेलात, तिथे दारात ट्रॅक्टर उभा असलेल्या घराला रेशनचं फुकट धान्य मिळतं आणि त्याच गल्लीतल्या एकट्या विधवा बाईला एक दाणा मिळत नाही. गावात विचारलं तर सगळे म्हणतात डीलर, म्हणजे रेशन दुकानदार, खातो. तुमचे सर म्हणतात की हे धोरण आणि सत्तेमुळे होतं. तुम्ही विचारलंय की यातलं खरं काय, आणि योजना एवढ्या असून विषमता का हटत नाही.

मी तहसीलच्या पुरवठा शाखेत १९ वर्षं काढली. आधी कारकून, मग अव्वल कारकून, शेवटी पुरवठा निरीक्षक, मराठवाड्यातले दोन तालुके. २०२३ ला रिटायर झालो. म्हणजे ज्या टेबलासमोर ती बाई उभी राहते त्या टेबलाच्या मागे बसलेला माणूस बोलतोय, हे धरूनच वाचा. पुढे जे आकडे देतोय ते माझ्या नोकरीच्या काळातले आहेत.

सुरुवातीलाच एक सांगतो. तुमच्या त्या बाईचं नक्की कुठे अडलंय हे कागद बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही, कोणालाच येणार नाही. तिच्याकडे कार्डच नसेल, किंवा कार्ड केशरी आहे पण नाव अन्नसुरक्षेच्या यादीत नाही, किंवा नाव आहे पण मशीनवर अंगठा उठत नाही. तिन्हींचे रस्ते वेगळे आणि अडवणारी माणसंही वेगळी. गावागणिक फरक पडतो, डीलर कोण, तलाठी कोण, गावात दोन गट आहेत का, सगळ्याने पडतो.

डीलर खातो का, तर काही खातात. पण माझ्या वेळी डीलरला क्विंटलमागे १५० रुपये मिळायचे. शंभर क्विंटल वाटला तर पंधरा हजार, त्यात गाळा, हमाल, मशीनचा वैताग. तो मापात मारतो, एखादा कट्टा बाजूला काढतो, हे मी पकडलंय आणि नोटिसाही काढल्यात. पण यादीत कोण असावं हे डीलर ठरवत नाही. तो वाटतो फक्त. गावाला तोच दिसतो म्हणून शिव्या त्यालाच पडतात, आणि खरं सांगायचं तर वरच्यांना ते सोयीचंही असतं.

यादी कशी बनली ते ऐका. १९९७ पर्यंत रेशन बऱ्यापैकी सगळ्यांना होतं. मग गरीब आणि बिगर गरीब असे भाग पाडले. आपल्याकडे १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली, पिवळं, केशरी, पांढरं. पिवळ्याला अट काय तर वर्षाचं उत्पन्न १५ हजाराच्या आत, घरी फोन नको, चारचाकी नको, जमीन अमुक हेक्टरच्या आत. मग २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. कायदा चांगलाच आहे, त्यावर दुमत नाही. पण महाराष्ट्राने अंमलबजावणी करताना केलं असं, की जुने अंत्योदयवाले, म्हणजे सगळ्यात गरीब ठरवलेली घरं, आणि जुने पिवळेवाले आहेत तसे आत घेतले, आणि उरलेल्या जागा केशरीवाल्यांतून भरल्या, ग्रामीणला उत्पन्न ४४ हजारापर्यंत, शहरात ५९ हजारापर्यंत.

आता तुमचा ट्रॅक्टरवाला बघा. त्याच्या बापाला १९९९ ला पिवळं कार्ड मिळालं असणार. तेव्हा तो खरंच गरीब असेल, किंवा नसेल, पण गावात उठबस असेल. नंतर पाणी आलं, ऊस लागला, ट्रॅक्टर आला. कार्ड मात्र पिवळंच राहिलं, सातबाऱ्यासारखं बापाकडून पोराकडे आलं. तेवढ्यावर थांबलं नाही. चार भाऊ, चूल एकच, पण कार्डं चार, विभक्त म्हणून. जमीन चौघांत वाटून दाखवली की प्रत्येकाचं उत्पन्न ४० हजार. ट्रॅक्टर असतो आईच्या नावावर नाहीतर मेव्हण्याच्या. कागदावर सगळं बरोबर, मी काही करू शकत नव्हतो असं म्हणणार नाही, पण करायला गेलो की दुपारपर्यंत फोन यायचा.

आणि ती बाई? अशा बाईचं नाव बहुतेकदा सासऱ्याच्या कार्डात असतं. नवरा गेला, सासरच्यांनी वेगळं काढलं, ती पत्रा टाकून वेगळी राहते. वेगळ्या कार्डासाठी आधी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला पाहिजे, आणि जुनं कार्ड सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या पेटीत. तो देत नाही. का देईल, तिच्या नावाचे महिन्याला पाच किलो त्याच्या घरात येतायत ना. कायद्यात लिहिलंय की कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई असावी, पण अशा घरात ती मोठी बाई म्हणजे सासू. तुमचे सर सत्ता म्हणतात ती मंत्रालयात असते हे बरोबर, पण तिचा एक तुकडा दिराच्या त्या पेटीतही असतो, आणि फॉर्म तयार करणाऱ्याने तो पेटीतला तुकडा कधी धरलाच नाही. घर म्हणजे एक घर, त्यात कोणी कोणाचं अडवत नाही, असं समजून फॉर्म बनतो.

आता इष्टांक. हा शब्द तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही, पण पुरवठा शाखेत दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. कायद्याने देशात ग्रामीण ७५ टक्के, शहरी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य द्यायचं ठरलं. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के, मिळून ७ कोटी १६ हजार माणसं. हा झाला राज्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेला कोटा. तो जिल्ह्यांना वाटला, जिल्ह्यांनी तालुक्यांना. आणि हे सगळं २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर लोकसंख्या वाढली, पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, माणसं शहरात गेली, तो आकडा तिथेच.

याचा अर्थ काय होतो तर तुमची बाई कितीही गरीब असू दे, तालुक्याचा इष्टांक भरला असेल तर तिला जागा नाही. माझ्यासमोर बाया रडल्यात आणि मी म्हणालोय, मावशी, इष्टांक शिल्लक नाही. तिला वाटायचं इष्टांक म्हणजे धान्याचाच काहीतरी प्रकार, ज्वारीसारखा, की संपलाय, पुढच्या महिन्यात येईल. परत यायची. आम्ही हसायचो, नंतर नंतर हसू यायचं बंद झालं.

म्हणजे हक्क आहे, पण जागा मोजलेल्या आहेत. आणि जागा मोजलेल्या असल्या की आत असलेला हलत नाही, बाहेरच्याला कोणीतरी मरायची नाहीतर लग्न होऊन जायची वाट बघावी लागते. जो आधी पोचला तो आत. आधी कोण पोचतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची मर्यादा, आणि माझ्या मते सगळी मेख इथे आहे. ४४ हजार वर्षाला. शेतावर रोज ३०० रुपये धरा, वर्षात १५० दिवस काम लागलं तरी ४५ हजार होतात. म्हणजे अर्ध्या वर्षापेक्षा कमी दिवस मजुरी करणारा एकटा माणूससुद्धा बाहेर, आणि इथे तर उत्पन्न घराचं बघतात. निराधार योजनेचं तर विचारूच नका, संजय गांधी निराधारला कुटुंबाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत पाहिजे होतं. दिवसाला ५८ रुपये. ५८ रुपयांत घर चालवणारं माणूस मला १९ वर्षांत एकही भेटलं नाही, पण तसे दाखले हजारोंनी निघाले.

मग होतं काय, की खरं उत्पन्न सांगणारा प्रत्येकजण अपात्र होतो. ज्याला लाभ पाहिजे त्याला खोटं सांगावंच लागतं, गरिबाला पण आणि श्रीमंताला पण. आणि एकदा सगळ्यांनाच खोटं सांगावं लागलं की कोणाचं खोटं चालवून घ्यायचं हे तलाठी ठरवतो, मी ठरवतो, सरपंचाची चिठ्ठी ठरवते. नियम कडक केला की गरिबाचं भलं होतं असं लोकांना वाटतं, माझा अनुभव उलटा आहे, नियम जेवढा अशक्य तेवढी आमची खुर्ची मोठी. पैसे खाणारा कारकून या पद्धतीत जगतो हे खरं, पण पैसे न खाणाराही राजाच असतो. मी पैसे घेतले नाहीत. पण ओळखीच्याची फाइल वर ठेवली, आमदाराच्या पीएचा फोन आला म्हणून नावं घातली, आणि ती नावं घातली तेव्हा इष्टांकातल्या तेवढ्या जागा गेल्या. कोणाच्या गेल्या ते मला माहीत नाही, ती माणसं माझ्या टेबलापर्यंत आलीच नसतील.

शेजारी ठेवून बघा. ओबीसी क्रिमीलेयरची मर्यादा १९९३ ला एक लाख होती, २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने आठ लाख झाली. व्हायलाच पाहिजे होती, महागाई वाढते, माझा त्याला विरोध नाही, माझ्या पोरांनाही तो दाखला लागला. पण ती वाढली कारण मागणारे शिकलेले होते, संघटित होते, निवडणुकीत मोजले जायचे. रेशनचा ४४ हजार मात्र आला तेव्हापासून माझ्या रिटायरमेंटपर्यंत ४४ हजारच राहिला. निराधारांचा मोर्चा मी पाहिलाय, तीस-पस्तीस म्हाताऱ्या, दोन काठीवाले, एक व्हीलचेअर, साहेबांनी निवेदन घेतलं आणि चहा सांगितला. धोरणाला सत्ता कशी आकार देते असं तुमच्या सिलॅबसमध्ये असेल, तर ते इतकं साधं असतं बघा, कोणता आकडा दर चार-पाच वर्षांनी बदलतो आणि कोणता बदलत नाही.

अजून एक उदाहरण देतो, कारण मी स्वतः ते राबवलंय. २०१५ ला शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा, केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य सुरू झालं. २०२३ ला धान्याऐवजी पैसे खात्यात यायला लागले, तेव्हा माणशी महिना १५० रुपये. हेतू चांगला. पण पुरावा काय, तर सातबारा. आता ज्याच्याकडे सातबारा आहे तो आत आणि त्याच्याच शेतात खुरपणारी भूमिहीन बाई, तिचंही कार्ड केशरी, ती बाहेर. दुष्काळ तर दोघांवर पडला होता, उलट पीक गेलं की पहिली मजुरी तिची गेली. ती मला विचारायची, साहेब त्यांना मिळतंय मला का नाही, आणि मी सांगायचो तुझ्या नावावर जमीन नाही म्हणून. हे वाक्य तोंडातून निघताना कसं वाटतं ते एकदा बोलून बघा.

आणि बायांच्या जमिनीचं म्हणाल तर नवरा मेल्यावर वारस नोंद वेळेवर होणारी घरं किती ते कोणत्याही तलाठ्याला विचारा.

यादी बनवताना माणसाचं काय होतं ते पण सांगतो. २००२ ला दारिद्र्यरेषेचा सर्वे झाला, घरकुलासारख्या योजनांसाठी, १३ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, एकूण ५२, जेवढे कमी मार्क तेवढा गरीब. त्यातला एक प्रश्न होता घरात माणशी कपडे किती. दोनपेक्षा कमी असतील तर शून्य मार्क, दहाच्या वर असतील तर चार. मी तेव्हा या शाखेत नव्हतो, दुसऱ्या खात्यात रोजंदारीवर होतो, सर्वेला मदतनीस म्हणून ग्रामसेवकाबरोबर पाठवलं. एका वस्तीवर एका बाईला विचारलं, मावशी लुगडी किती. भोवती शेजारपाजारच्या पाच-सहा बाया उभ्या. ती म्हणाली, आहेत की, सात-आठ. अंगावर एक होतं आणि दोरीवर एक वाळत होतं, तिसरं कुठे दिसेना. पण चारचौघींत दोनच आहेत असं कोण म्हणेल? ग्रामसेवकाने तीन मार्क लिहिले. मी काही बोललो नाही. त्याच दिवशी माजी पाटलांच्या वाड्यावर त्यांनी पायरीवरच बसून सगळी उत्तरं दिली, आत बोलावलंच नाही, कपडे किती तर म्हणाले लिहा दोन-तीन. लिहिले. ज्याला प्रश्न कशासाठी आहे हे माहीत असतं तो बरोबर उत्तर देतो, आणि जिला फक्त अब्रू माहीत असते ती यादीबाहेर जाते.

तुम्ही म्हणाल मग उपाय काय, सगळ्यांना द्यायचं का? मी नोकरीत लागलो तेव्हा मला ते खुळचट वाटायचं, श्रीमंताला कशाला द्या. आता वाटत नाही. तामिळनाडूत रेशनचा तांदूळ जवळपास सगळ्या कार्डांना मिळतो, तिथे गरीब कोण हे ठरवायचं टेबलच नाही, म्हणून टेबलाची सत्ताही नाही. आणि लांब कशाला, आपलीच रोजगार हमी बघा. १९७२ च्या दुष्काळात आली, वि. स. पागेंनी ती मांडली, १९७७ ला कायदा झाला. तिच्यात उत्पन्नाचा दाखला नव्हता. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे त्याला काम, बस. ट्रॅक्टरवाला येतच नव्हता. माझी आई त्या कामावर होती, पाझर तलावाच्या. तिला कोणी विचारलं नाही की तू गरीब आहेस हे सिद्ध कर. घमेलं उचललं की सिद्ध झालं. हजेरीत बोगस नावं होती, मुकादम खायचा, नंतर तर जेसीबीने कामं करून मजुरांच्या नावावर बिलं निघाली, ते सगळं झालं, मी गोडवे गात नाही. पण कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवायचा अधिकार त्या योजनेने कारकुनाच्या हातून काढला होता, आणि नंतर जेवढ्या योजना आल्या त्यातल्या बहुतेकांनी तो परत दिला.

मशीनबद्दल थोडंच बोलतो. ई-पॉसमुळे, म्हणजे दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनमुळे, बोगस उचल कमी झाली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण अंगठा कोणाचा उठत नाही? ज्यांनी आयुष्यभर कोयता, खुरपं धरलं, भांडी घासली त्यांचा. माझा पहिल्या झटक्यात उठतो. ऊसतोडीला गेलेल्यांचं अजून वेगळं, घर सहा महिने बंद, आणि कसलीही मोहीम निघाली, पडताळणी असो की केवायसी, की ती नेमकी गळीत हंगामात यायची. २०१९ पासून कुठेही धान्य उचलायची सोय हळूहळू आली, उपयोगाची आहे, पण टोळीतल्या किती जणांना ती माहीत आहे ते फडावर जाऊन विचारा. पालावरच्या लोकांचं तर पत्त्यापासून सुरू होतं.

तर थोडक्यात, तुमचे सर बरोबर आहेत आणि गावही पूर्ण चूक नाही. चोरी आहे. पण डीलरला उद्या हलवला तरी ती बाई बाहेरच राहील, कारण तिला बाहेर ठेवणारा गोठलेला आकडा, ती अशक्य मर्यादा, जुनी यादी आणि दिराची पेटी हे सगळं नियमानुसारच चाललंय.

आता त्या बाईचं बघू, कारण तुमचा रिपोर्ट होईल पण तिचं पोट तिथेच आहे. आधी तिचा बारा अंकी आरसी नंबर, म्हणजे रेशन कार्डाचा नंबर, काढा, सासऱ्याच्या कार्डाचा असला तरी चालेल, डीलरकडे असतो. ऑनलाइन टाकून बघा तिचं नाव अजून त्यात आहे का आणि कार्ड अंत्योदय, प्राधान्य (हे दोन्ही अन्नसुरक्षेच्या आत) की बिगर प्राधान्य (बाहेर) ते. नाव असेल आणि उचल होत असेल तर तिच्या वाटचं कोण खातंय ते तिथेच कळलं. दाखला दीर देत नसेल तर तसा लेखी अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या, नवऱ्याचा मृत्यू दाखला, ती वेगळी राहते याचा तलाठ्याचा पंचनामा जोडा, नाव कमी करायला दिराचीच सही लागते असं कुठे नाही, आमचे लोक सोपं म्हणून मागतात. अंगठ्याचाच प्रश्न असेल तर नॉमिनी, म्हणजे तिच्या वतीने धान्य उचलणारं माणूस, लावायचा अर्ज करा. पोच घेतल्याशिवाय हलू नका, शिक्का आणि तारीख. पोच असली की पुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं, नसली की तुम्ही आलाच नव्हतात.

इष्टांक नाही म्हणाले तर वाद घालू नका. ग्रामपंचायतीत जा, गेल्या पाच-सहा वर्षांची मृत्यू नोंद बघा आणि त्यातली कोणकोणती नावं अजून कार्डांत आहेत ते डीलरच्या यादीशी ताडून बघा. माझ्या वेळी गावोगाव मयत माणसांच्या नावावर धान्य उचललं जायचं. ती यादी करून अर्जाला जोडा आणि निरीक्षकाच्या हातात द्या, सरपंचाला आधी दाखवू नका. जागा नाही असं मग त्याला म्हणता येत नाही.

आणि तिला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. एकटी बाई आली की आम्ही मान वर करत नसू, सोबत वही घेतलेलं कोणी असलं की खुर्ची द्यायचो. आरसी नंबर मिळाला की कार्ड कोणत्या प्रकारचं निघालं ते इथे लिहा, नंबर नका लिहू, पुढचं सांगतो.